टॅबवरून गायब होणारी पुस्तकं

“मॅडम, आज आणखी चार उडाली,” वाचनालयाचे सचिव राणेसाहेब दारातूनच म्हणाले. “रविवारच्या मीटिंगमध्ये मी सरळ सांगणार, टॅब विकून टाका. कागदाची पुस्तकं निदान कपाटातून उडत नाहीत.”

मी विक्रोळीतल्या एका छोट्या वाचनालयाची ग्रंथपाल. आमचे बरेच सभासद कंपन्यांतून रिटायर झालेले. बारीक अक्षर दिसेनासं झालं म्हणून कित्येकांचं वाचन सुटलं होतं. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, त्यामुळे ते पुन्हा वाचायला लागले. पुस्तकं सगळी एका क्लाउड फोल्डरमध्ये. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरचं सामाईक कपाट. ते सगळ्या टॅबशी सिंक केलेलं. कपाटात पुस्तक ठेवलं की प्रत्येक टॅबवर आपोआप पोचतं.

आता ते आपोआप जातही होतं. कांबळेकाकांची रहस्यकथा तर ऐन रंगात गेली.

“मॅडम, टॅब गेले तर माझं वाचन संपलं. छापील अक्षर म्हणजे मला नुसत्या मुंग्या,” ते म्हणाले.

मी तपासायला बसले. व्हायरस? नाही. जागा भरली? नाही. वायफाय? झकास. मग टॅब बाजूला ठेवले आणि माणसांकडे बघत बसले.

शिर्केकाकू खिडकीशी वाचत होत्या. पुस्तक संपलं. त्यांनी समाधानाने चष्मा पुसला, पुस्तकाच्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि डिलीट केलं.

“काकू! काय केलंत?”

“परत केलं.”

“कुणाला?”

“तुम्हाला! वाचून झालं ना. मी अडवून बसले तर दुसऱ्याला कसं मिळणार?”

आमच्याकडे वाचलेलं पुस्तक घरी ठेवणं म्हणजे पाप. सगळेच असं प्रामाणिकपणे ‘परत’ करत होते. सिंकला मात्र परत करणं कळत नाही. एका टॅबवरून पुसलं की सगळीकडून पुसलं जातं.

कांबळेकाका ताडकन उठले. “म्हणजे माझा खुनी तुम्ही पळवलात?”

“कोण होता ते सांगू का?”

“खबरदार!”

उपाय सोपा होता. पुसलेल्या फाइली क्लाउडच्या ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत, काही दिवस पडून असतात. त्या रिस्टोर केल्या. मग सभासदांसाठी फोल्डर फक्त ‘व्ह्यू’ ठेवलं: वाचता येईल, पुसता येणार नाही. “आता परत करायची गरजच नाही,” मी जाहीर केलं.

कुणालाच आनंद झाला नाही.

“परत न करता दुसरं घ्यायचं?” काकू म्हणाल्या. “बरं दिसतं का ते?”

म्हणून प्रत्येक टॅबच्या वाचायच्या ॲपमध्ये एक कप्पा केला आणि त्याला नाव दिलं, ‘परत केली’. संपलेलं पुस्तक तिथे टाकायचं. क्लाउडला धक्का नाही, सभासदांच्या मनाला समाधान.

रविवारी राणेसाहेब बोलायला उठले, तेवढ्यात कांबळेकाका हात वर करून ओरडले, “काल संपवली! खुनी शेवटच्या पानापर्यंत कळला नाही. आणि परत पण केली!” सगळे हसले. राणेसाहेबही. टॅब राहिले, आणि मीटिंग संपल्यावर साहेब हळूच माझ्याकडे आले. “मॅडम, तो खुनाचा प्रकार माझ्याही टॅबवर येईल का?”

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. म्हणून एक वेगळी प्रत आता हार्डडिस्कवर असते. आणि लोकांची चांगली सवय मोडायला जाऊ नये. तिला एक कप्पा करून द्यावा, काम लवकर होतं.