दारात उभं राहायचं नाय

एसटीतून निवृत्त होऊन कंडक्टरसाहेबांना बरीच वर्षं झाली, पण आमच्या गावच्या बुद्धविहाराच्या दारात ते अजून कंडक्टरच आहेत. कुठल्याही धर्माचा माणूस दिसला की खांद्यावरची नसलेली पिशवी सावरत ओरडतात, "पुढे सरका, पुढे! आत भरपूर जागा आहे!" मासेवाली चाची असो की गणपतीपुळ्याची वाट चुकलेले पर्यटक, खीर खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला मी माझ्या वडिलांना, तात्यांना, घेऊन गेलो. तात्या गावच्या देवळाचे जुने मानकरी. याच कंडक्टरसाहेबांना लहानपणी त्यांनी देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं, आणि ते दोघांनाही पक्कं आठवत होतं. तात्या उंबऱ्याबाहेरच अडले. "मी इथंच बरा."

कंडक्टरसाहेब कमरेवर हात ठेवून समोर आले.

"तात्या, दारात उभं राहायचं नाय! पडलात तर जबाबदार कोण?"

अख्खा विहार हसला. तात्यांनी हळूच चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. साहेबांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली, आपण उभे राहिले आणि खांबावर किल्लीने दोनदा टकटक केलं.

डबल बेल. वंदना सुरू झाली.