डोहाकाठी घेतलेलं नाव

सुमती दातार लग्न होऊन डोंबिवलीत आली त्याला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव काही अजून तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे ती ठाण्याच्या माहेराहून शिकूनच आली होती. सासूबाईंचा नेम त्याहून कडक. थोरल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नाही, म्हणून त्या त्याला 'बाळ' म्हणत. हा बाळ चांगला मिशीवाला, फोर्टात कारकून. घर त्याच्या जिवावर चालायचं, त्याचं नाव घ्यायची मात्र चोरी!

त्रेपन्नच्या कार्तिकात दातारांचं सगळं कूळ आवळीभोजनाला खडवलीला नदीकाठी गेलं. आवळ्याखाली चुली पेटल्या आणि पुरुषमंडळी "जरा डुंबून येतो" म्हणत नदीत उतरली. पिठलं रटरटत होतं, तेवढ्यात लाकडं घेऊन आलेली गावातली मालन म्हणाली, "वहिनी, त्या काळ्या खडकापल्याड कोनाला जाऊ देऊ नका. डोह हाय तिथं. भवरा मानसाला वढून नेतो."

सुमतीने वळून पाहिलं. खडकाच्या दिशेने एकच डोकं निघालं होतं आणि ते आपल्याच माणसाचं होतं. एरवी कुठे पुढे नसायचे ते, आज मात्र सगळ्यांच्या पुढे!

ती काठावर धावली. "अहो! अहो, ऐकलंत का?"

नदीतले यच्चयावत नवरे वळले. तिचा तेवढा सोडून.

सासूबाई धापा टाकत आल्या. "बाळ! अरे बाळ, फीर मागे!"

दातारांच्या घरात बाळ काय कमी होते? तीन-चार बाळ निमूट काठाकडे पोहू लागले. त्यातला एक तर साठीचा होता.

सुमती थेट पाण्याच्या कडेला गेली. नाव घ्यावं तर आयुष्य घटणार, न घ्यावं तर ते इथेच संपणार. बायकांना नाव घ्यायची सोय एकच, उखाण्यात. आणि उखाणा म्हटलं की ही लाजून चूर. हळदीकुंकवाला चारचौघींनी अडवलं तरी हिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिने पदर खोचला, डोळे घट्ट मिटले आणि गळा फाडून ओरडली:

"खडवलीच्या डोहाला अंत ना पार,
प्रभाकरराव, मागे फिरा, पिठलं झालं गार!"

डोकं थबकलं. वळलं. खडकापासून हातभर अंतरावरून ते सावकाश काठाकडे येऊ लागलं, तेव्हा कुठे सुमतीने खोचलेला पदर सोडला. आवळ्याखालच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

प्रभाकर कमरेइतक्या पाण्यात येऊन उभा राहिला. "मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारताय," तो म्हणाला. "मग ध्यानात आलं, अरे, हे तर माझंच नाव."

"मेल्या प्रभाकरा!" सासूबाई कडाडल्या. "बुडाला असतास म्हणजे?" आणि आपण काय बोलून बसलो हे कळताच त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

सुमतीला हसू आलं आणि रडूही फुटलं. तिने सासूबाईंचे हात तोंडावरून हळूच काढले.

"असू द्या हो, आई," ती म्हणाली. "नाव घेतलं म्हणून तर आहेत."