वरच्या मजल्याचा ओटा

मिस्त्रीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साइटवर आठला हजर व्हायचं, म्हणून मधले तास त्याचे स्वतःचे. शेजारी झोपलेले असत, तेव्हा ठोकाठोक करता यायची नाही. मग तो वाळू चाळायचा, आदल्या संध्याकाळी पाडलेल्या गिलाव्याचा राडारोडा गोण्यांत भरून जिन्याने खाली न्यायचा. हे सगळं ज्या घरात तो राहायचा त्याच घरात. निम्म्यात संसार, निम्म्यात पाडापाडी, मधे गोणपाटाचा पडदा.

तो गिलावा करायचा, मी फरशी बसवायचो. जन्म एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाण्यात गेला, गिलावा करणारे पुष्कळ पाहिले, पण इतका सरळ हात दुसरा पाहिला नाही. भिंत बोटाने वाजवून तो आवाज ऐकायचा. पोकळ लागली की तेवढा तुकडा खाली. आम्ही म्हणायचो, "मिस्त्री, स्वर्गाच्या दारातसुद्धा तू आधी भिंत वाजवून बघशील."

"बघणारच. फुगलेल्या भिंतीत राहायला मी मरू कशाला?"

लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, गळकं घर कोणालाच नको असतं. म्हणून ते स्वस्त मिळतं. तसलं एक त्याने कर्ज काढून घेतलं, राहत राहत दुरुस्त केलं आणि भाड्याने दिलं. त्या भाड्याच्या जोरावर दुसरं घेतलं, तेही तसंच वरचं. शेवटचा रंग वाळला की भाडेकरू आत आणि मिस्त्री बायको-मुलीला घेऊन पुढच्या घराच्या पोपड्यांत.

गवंड्याच्या हाताखाली बिगारी लागतो. मिस्त्रीने तो कधी लावला नाही. बिगाऱ्याचं काम त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी केलं. खालून वरपर्यंत ओल्या वाळूची घमेली डोक्यावरून नेणं हे काय काम आहे, ते केलेल्यालाच ठाऊक. मान ताठ लागते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. वरून गिलाव्याला आठवडाभर पाणी मारायचं, तेही त्यांच्याकडेच. "यांना भिंतीची तहान कळते, माझी कोण विचारतंय," असं म्हणत त्या बादली उचलायच्या.

तिसरं घर मात्र आपल्यासाठी, असं त्याने सांगितलं होतं. ते दुरुस्त करताना तो वेगळाच माणूस वाटायचा. वहिनी बुटक्या. आधीच्या घरांतल्या ओट्यांवर त्या टाचा उंचावून काम करायच्या. इथे त्याने त्यांना उभं केलं, कोपरात हात वाकवायला लावला आणि त्याखाली भिंतीवर रेघ मारली. ओटा त्या रेघेने झाला. वरच्या फरश्या वहिनींनी निवडल्या, मी बसवल्या. खिडकीतून सकाळचं ऊन थेट ओट्यावर यायचं.

मी शेवटचे सांधे भरत होतो, वहिनींनी शेगडी मांडलीसुद्धा होती, तेवढ्यात एक कारकून बायकोला घेऊन घर बघायला आला. त्यांना कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. कारकुनाची बायकोही बुटकीच. ती ओट्याशी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हेच घ्या."

ते खाली उतरल्यावर मिस्त्री म्हणाला, "वर्षभराचा तर प्रश्न आहे. कर्ज जरा हलकं होईल."

"आणि आपण?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या गल्लीत एक घर निघालंय. छताला ओल आहे म्हणून पडत्या भावात देतोय."

"कितव्या मजल्यावर?"

मिस्त्री थापी पुसत राहिला.

"कळलं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, ढगात एखादं पडीक घर असेल तर यांना सांगा. तेही घेऊन टाकतील."

मी हसलो. तोही हसला. वहिनींनी शेगडी ओट्यावरून उतरवली.

वर्षाची किती वर्षं झाली ते सांगण्यात अर्थ नाही. कारकून सज्जन होता, भाडं वेळेवर द्यायचा. असा माणूस घराबाहेर काढवत नाही, असं मिस्त्री म्हणायचा. मागच्या गल्लीतलं घर दुरुस्त झालं, त्यातही भाडेकरू आला आणि ही दोघं पुढच्या पोपड्यांत. मुलीचं लग्न झालं. शेवटी कारकुनाची बदली झाली आणि घर रिकामं झालं. मिस्त्रीने मला दोन तडकलेल्या फरश्या बदलायला बोलावलं. म्हणाला, "आता तिथेच राहायचं. ठरलं."

वहिनी बरोबर आल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या बसल्या त्या बसल्याच. चेहरा पांढरा पडला होता. गुडघ्यांपायी डॉक्टरांनी नुकताच जिना वर्ज्य केला होता, हे मला तेव्हा कळलं.

मिस्त्री त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. म्हणाला, "तेव्हा बिगारी लावायला हवा होता."

"आता लावा की. मला घमेल्यात घालून वर न्यायला."

या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनाही ते कळलं असावं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "जा तुम्ही. फरश्या बदला, ओटा नीट पुसून घ्या. नवीन माणसं येतील, घाण दिसायला नको."

मिस्त्री वर आला. मी फरश्या बदलेपर्यंत खिडकीपाशी उभा होता. भिंत एकदाही वाजवली नाही.

घरं विकून तळमजल्यावर एखादं घ्यावं म्हणून त्याने खूप पायपीट केली. पण वरच्या मजल्याला भाडेकरू मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही. जे आले त्यांनी जिना मोजला आणि पाठ फिरवली.

आता दोघं मुलीच्या घराजवळ तळमजल्यावर भाड्याने राहतात. पलंगासमोरच्या भिंतीला मोठा फुगवटा आहे. माझ्या खर्चाने काढून देतो, असं मिस्त्री घरमालकाला म्हणाला. मालक म्हणाला, "काका, भाडेकरूने भिंतीला हात लावायचा नसतो." आपल्या भाडेकरूंना मिस्त्रीने हेच सांगितलं होतं.

वरच्या घरांचं भाडं येतं, त्यातून हे भाडं जातं, उरलेलं गुडघ्यांच्या औषधपाण्याला. पहाटे चारला उठून केलेल्या सगळ्या मजुरीतून शेवटी मिळाली ती दुसऱ्याची एक खोली, जिच्या दाराला एकच पायरी आहे. तीही वहिनी त्याचा हात धरून चढतात.