तुळईखालच्या सुपाऱ्या

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि आमच्या अमरावतीकडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या वर्षी आमच्या घरात माणसांना जागा उरली नाही. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, शेवटी आमच्या खोलीतही कापूस. बायको बोचकं बांधून मोर्शीला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "माह्या झोपाच्या बाजेले जागा झाली की निरोप धाडजा." मला तिच्यावाचून करमेना. म्हणून मी कापसासाठी वर माडी घालायला घेतली.

पायापासून चिऱ्यांची भिंत उठली. तिच्यात समोरासमोर खोबणी ठेवून सुताराने सागाची तुळई टेकवली. म्हातारा महाखडूस. टोक वीतभर आत गेलं पाहिजे, खाली सपाट फरशी पाहिजे, बाजूंनी बोटभर फट पाहिजे, नाहीतर लाकूड कुजतं, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलं की मी जेवतानाही ताटाभोवती फट सोडू लागलो. पण तुळई अशी पक्की बसली की मी तिच्यावरून चालून आलो आणि लगेच मोर्शीला निरोप धाडला.

चौथ्या दिवशी मुहूर्त होता. सुतार जेवायला गेला आणि घरच्यांनी पूजा मांडली. हळद लावलेली एक सुपारी तुळईपाशी ठेवायची आमच्याकडे रीत. एकच, आणि तीही खोबणीच्या कोपऱ्यात. पण आईने ठेवली तशी अकोल्याची आत्या फुगली. आत्याची ठेवली तर काका कसे मागे राहणार? प्रत्येकाला आपली मधोमध हवी, म्हणून पहारीने तुळई उचलायची, खाली सुपारी सरकवायची, असं करता करता दोन्ही टोकांखाली अकरा सुपाऱ्या गेल्या. हळद लावायला मीच बसलो होतो, म्हणजे अक्कल मलाही नव्हती.

सुताराने परत येऊन तुळईला नुसता हात लावला. ती सुळकन पुढे सरकली.

"काहून भाऊ, माडी बांधून राहिले का बैलबंडी?"

सुपाऱ्या काढायचं ठरलं, पण आधी कोणाची काढायची? आत्या कडाडली, "माह्या सुपारीले हात लावला तं मी आताच अकोल्याले चालली!" काका तर पहारीवरच बसून राहिले.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. बायको! ही डुलती तुळई पाहून ती आल्या पावली परत जाणार, याची मला खात्रीच होती.

तिने पदर सावरला आणि ती सगळ्यांच्या पाया पडली. आशीर्वाद द्यायला काकांना उठावं लागलं, तशी तिने पहार सुताराकडे सरकवली. मग अकराही सुपाऱ्या वेचल्या, फोडल्या, विड्यात घातल्या आणि प्रसाद म्हणून ज्याच्या त्याच्या हातात ठेवल्या. प्रसादाला नाही कोण म्हणणार? आत्याने दोन विडे खाल्ले. तुळई पुन्हा फरशीवर सपाट बसली.

पुढे माडीवर फळ्या ठोकून झाल्या. मी कापूस वर न्यायला निघालो, तर बाज आधीच वर पोचलेली.

"कापूस खालीच राहू द्या," ती म्हणाली. "वर हवा चांगली येते."

"अन् मी कुठं झोपू?"

"तुमी कापूस हाय का?"

इतका आनंद मला कापसाच्या भावानेही झाला नव्हता. उशी घेऊन मी वर पळालो.