अजून-नाही बाई

गरोदर पोटावर तळहात ठेवला की डॉक्टरबाई डोळे मिटत. मिनिट जाई, दोन जात. टेबलावरची पेशंट घाबरून छताकडे बघत राही, आणि बाई पुटपुटत, "अजून नाही हं. झोपा." हे बाळाला, आईला की गर्भाशयाला, कुणालाच कळत नसे. त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्या बायकांनी त्यांचं नावच पाडलं होतं: अजून-नाही बाई.

गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. टाय, बॅग आणि पाठ केलेलं भाषण. पहिल्याच भेटीत ठणकावलं, "मॅडम, आमच्या प्रोजेस्टेरॉनने गर्भाशयाचा स्नायू चांगला आवळला जातो."

बाईंनी चष्मा काढला. "औषधवाले, तो नऊ महिने आवळलेला राहिला तर बाळ राहील कुठे? बसा."

खिडकीतून नदीकाठच्या ढोल पथकाचा सराव ऐकू येत होता. "तो स्नायू म्हणजे हे पथक समजा. महिनोन्‌महिने एकेक तंतू लांब होतो, जाड होतो, ताकद कमावतो. पण प्रोजेस्टेरॉन प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, अजून नाही. मधूनच कुणी एखादी टिपरी मारतो, पोट घट्ट होतं, विरून जातं. शेवटी इस्ट्रोजेनचा जोर चढतो. पेशींमधली दारं उघडतात, एकीचा इशारा दुसरीला पोचतो. ऑक्सिटोसिनची हाक ऐकायला स्नायूला नवे कान येतात. मग सगळे एका ठेक्यात."

बाहेरचा ढोल थांबला. ती खोलीच कोमट पाण्यात संथ तरंगते आहे असं मला वाटलं. आणि अशा क्षणी मी काय बोलावं? "मग मॅडम, ऑर्डर किती लिहू?"

पुढच्याच वर्षी माझ्या बायकोला, सुनीताला, सहावा महिना लागला आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड दिसलं. इतक्या लवकर बाळ आलं तर हाती लागणं कठीण. बाईंनी प्रोजेस्टेरॉन लिहून दिलं, तेही आमच्या स्पर्धक कंपनीचं. "तुमचा माल वेळेवर येत नाही हो," म्हणाल्या. मी मुकाट्याने विकत आणलं.

पोट कधी घट्ट होतं ते टिपायला त्यांनी सांगितलं होतं. मी मोबाइलवर टिपलं आणि एका संध्याकाळी रोजच्या रिपोर्टऐवजी तेच साहेबांना पाठवलं: "सकाळी दोनदा घट्ट. दुपारी शांत. बाई चिडल्या आहेत." चिडली होती सुनीता, पण साहेबांचं उत्तर आलं, "चिडलेल्या डॉक्टरांना उद्या परत भेट."

दर आठवड्याला बाई तळहात ठेवत आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्या दोन शब्दांची वाट बघत. "अजून नाही." त्यावर आमचे पुढचे सात दिवस निघत. दुपारी पडदा हलायचा, नदीवरून वारा यायचा, आणि मीही बाईंसारखा पोटावर हात ठेवून डोळे मिटायचो. आत कुठेतरी ढोल खाली ठेवून सगळं पथक झोपलेलं दिसायचं.

"अहो, ऐकताय कसलं? घोरताय!" सुनीता म्हणायची.

नववा महिना भरला. एका सकाळी बाईंनी हात ठेवला, डोळे मिटले आणि या खेपेला माझा हात धरून पोटावर टेकवला. खालून काहीतरी कडेकडेने उठलं, एकत्र आलं, दगडासारखं झालं.

"सगळे आले," बाई म्हणाल्या. संध्याकाळी मुलगी झाली.

ती आता बारा वर्षांची आहे आणि त्याच नदीकाठी ढोल वाजवते. बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती ढोल घेऊनच भेटायला गेली. बाईंनी ढोलाच्या ताणलेल्या पानावर तळहात ठेवला, डोळे मिटले. मिनिट गेलं, दोन गेली. मी सवयीने ओठ हलवू लागलो, "अजून..."

"गप्प बसा, औषधवाले," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "वाजव गं तू."

महिन्याभरात बाई गेल्या. त्या भेटीत मुलीने वाजवलं तेव्हा त्यांचा हात पानावरच होता.