जनरलसाहेबांच्या घरची पत्रं

आजारपणाच्या शेवटच्या वर्षी माझी बायको अठराव्या शतकातल्या एका अमेरिकन पुढाऱ्याची खासगी पत्रं वाचत होती. आधी सेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस. पुण्यात असताना ती कॉलेजात इतिहास शिकवायची, पण हे वाचन अभ्यासाचं नव्हतं. लढाया आणि राज्यघटना तिने मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. त्याच्या घरात काय चाललंय एवढंच तिला बघायचं होतं. मी लायब्ररीतून जाडजूड खंड आणायचो. सिंगापुरात हौगांगच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून ती ते वाचायची आणि जेवताना तिकडच्या बातम्या सांगायची, जणू ती मंडळी समोरच्या ब्लॉकमध्ये राहत होती.

"साहेब आज चिडलेत. शेतावरच्या कारभाऱ्याचं पत्र आलं नाही या आठवड्यात."

"राष्ट्राध्यक्षांना तेवढाच उद्योग?"

"अरे, कुंपण घातलं की नाही, बियाणं कुठलं पेरलं, सगळं कळायला हवं त्यांना. राज्य काय, चालतंच."

युद्धातलं एक पत्र तिला फार आवडायचं. शत्रूच्या फौजा समोर येऊन ठेपल्या आहेत, आणि हा माणूस घराच्या दोन टोकांना कोणती झाडं लावायची ते कळवतोय. "तिकडे बघ ना जरा, तोफा लागल्यात!" असं ती पुस्तकालाच दटावायची. मग थोड्या वेळाने म्हणायची, "पण बरोबर आहे त्याचं. घरी परत जायचंय असं वाटत असेल, तरच माणूस झाडं लावतो."

एक दिवस मात्र तिने काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा पान पुढे केलं. कारभाऱ्याला लिहिलेलंच पत्र होतं. कोण गुलाम आजारी आहे, कोण आजाराचं सोंग करतो असा साहेबांना संशय आहे, हे सगळं खेचरं आणि औजारांच्याच ओघात लिहिलेलं. "यांनाही कुणाला तरी पत्र लिहावंसं वाटत असेल," ती म्हणाली. "लिहायला शिकू दिलं असतं तर." त्यानंतर काही दिवस तिने तो खंड उघडला नाही. मग पुन्हा घेतला. साहेबांवरचा राग आणि माया दोन्ही तिने शेवटपर्यंत सांभाळलं.

साहेबांच्या बायकोबद्दल पुस्तकात फार थोडं होतं, कारण नवरा गेल्यावर तिने दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रं जाळून टाकली होती. कशीबशी दोन-चार बचावली. संपादकाने तळटीपेत त्याची हळहळ व्यक्त केली होती. माझ्या बायकोला हळहळ वाटली नाही.

"शहाणी बाई," ती म्हणाली. "सगळा देश घरात शिरला होता तिच्या. एवढं तरी तिने आपलं ठेवलं." आणि मग माझ्याकडे न बघता, "माझी पण जाळशील. मी तुला लिहिलेली. कुणी वाचायला नकोत."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण हो म्हणतो तसं नव्हे, खरंच हो.

ही पत्रं लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतली. नोकरीसाठी मी आधी एकटाच सिंगापूरला आलो होतो, ती पुण्यात शिकवत होती, आणि फोन परवडत नव्हता. तिची पत्रं माझ्याकडे होती, माझी तिच्याकडे. एका कपाटात आल्यावरही ती दोन वेगळ्या डब्यांतच राहिली.

ती गेल्यावर उरलेले खंड मी वाचले. रोज थोडंथोडं. जेवताना सांगायला कुणी नव्हतं म्हणून वाचनाचा वेग आणखी कमी झाला.

मुलगी जवळच्याच सेंगकांगहून शनिवार-रविवार यायची. तिच्या आईच्या साड्या आवरताना दोन्ही डबे तिच्या हाती लागले. तिने आईचा डबा उघडायच्या आत मी तो मागितला आणि आईचं म्हणणं सांगितलं.

"बाबा, दॅट्स नॉट फेअर." ती इथेच जन्मली, इथेच शिकली, मराठी बोलते, पण वाचायला अडखळते. "मला नीट वाचता पण येणार नाही. मला फक्त ठेवायचंय. तिचं हॅण्डरायटिंग आहे."

"आज नाही येणार. उद्या कुणाकडून तरी वाचून घेशील."

"मग? मी तिची मुलगी आहे. रिपोर्टर आहे का कुणी?"

 तिचं चुकत नव्हतं. तिच्याकडे आईचे फोटो होते, आवाजाच्या क्लिप होत्या, पण ती जन्मण्याआधीची आई नव्हती. ती फक्त त्या डब्यात होती. आणि ज्या माणसाला हे ठरवायचं होतं, त्याने शब्द देऊन ठेवला होता.

पुढचे काही आठवडे ती आली, जेवली, कामापुरतं बोलली. त्याच सुमाराला चिनी पंचांगातला सातवा महिना लागला, गेलेली माणसं परत येतात तो. त्या महिन्यात आमच्या ब्लॉकखाली मोठी लोखंडी पिंपं येतात आणि शेजारी त्यांत गेलेल्या माणसांसाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात; जाळलेलं त्यांना पोचतं म्हणे. विस्तव पेटवायला दुसरी कुठली जागा मला माहीत नव्हती. एका रविवारी संध्याकाळी मी डबा घेऊन निघालो. मुलगी चपला घालून मागे आली.

खाली आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटी नवऱ्यासाठी कागद जाळत होत्या. आमचं बोलणं नेहमीसारखं इंग्रजीतच झालं.

"अंकल! शेवटी आलात. मिसेससाठी ना? काय पाठवताय?"

"पाठवत नाही, आंटी. पत्रं आहेत. तिनेच लिहिलेली."

"तिची स्वतःची?" त्या विचारात पडल्या. "मग न्यायला विसरली असेल हो. पाठवून द्या."

मुलगी एकदम हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

"आणि नाव घेऊन हाक मारा हं," आंटी म्हणाल्या. "नाहीतर दुसरंच कुणी घेईल. या महिन्यात गर्दी फार."

मी पिंपासमोर उभा राहिलो. आयुष्यभर मी तिला नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे 'अगं' म्हटलं की ती वळून बघायची.

"अगं," मी म्हणालो.

"हे नाव आहे?" आंटींनी विचारलं.

"पुरेल," मुलगी म्हणाली. तिने माझ्या हातातून डबा घेतला. मला वाटलं, आता ती परत वर जाईल. पण तिने पहिलं पाकीट काढलं, वरचा पत्ता, तिरकं अक्षर डोळे भरून पाहिलं, आणि "आई, घे," म्हणून ते आत सोडलं. मग एकेक करून सगळी. एकही उघडलं नाही. आंटींनी लांब काठीने कागद वर-खाली केले, अर्धवट काही राहू नये म्हणून.

वर आल्यावर तिने चहा केला. 

"तुझी पत्रं तर तुझी आहेत ना?" ती म्हणाली. "ती जाळायला आईने सांगितलं नव्हतं."

"नाही."

"मग ती मला दे. वाचून दाखव."

माझ्या पत्रांत काही नाही, असं मी सांगून पाहिलं. ते खरंही होतं. पण दुसरा डबा तिने आणून समोर ठेवलाच होता. मी पहिलं पत्र उघडलं. माझंच अक्षर, पण मला अनोळखी वाटलं. मी वाचू लागलो: भाताला दोन पेले पाणी टाकून पाहिलं, तू म्हणतेस तसा मोकळा होतो. नाही, शेजारी मराठी कुणी नाही. हो, रडू येतं, पण तू लिहिलंस तितकं नाही.

"थांब," मुलगी म्हणाली. ती माझ्या शेजारी येऊन बसली. "म्हणजे आईने विचारलं होतं... रडू येतं का?"

"हो."

"आणि तिला येत होतं."

मी मान डोलावली.

"पुढचं वाच," ती म्हणाली. "सावकाश. प्रत्येक उत्तरानंतर थांब."