भामाबाईचं कोरियन औषध

शेळगावात भामाबाईच्या तोंडातून सुटलेला माणूस एकच, तिचा नवरा. आणि तोही मेल्यावर सुटला. त्या जिभेला जगायला दोन गोष्टी लागायच्या, लोकांची उणीदुणी आणि मीठ. खारातली मिरची, पापड, सुकट. अडुसष्टाव्या वर्षी बारामतीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावून मीठ तोडलं, तेव्हा बाई हुंदके देऊन रडली. नवरा गेला तेव्हा एवढी रडली नव्हती, असं आळीतल्या बायका सांगतात. अशा बाबतीत बायका खोटं बोलत नाहीत.

सून तेजश्री आळणी भाजी वाढू लागली. पोरीच्या हाताला चव नाही, हे भामाबाईनं अठरा वर्षं गावाला ऐकवलेलं, तिच्या माहेरच्यांनाही. आता पुरावाच ताटात यायचा.

मुलगा अनुप एका कोरियन कारखान्यात कामाला. तिथल्या साहेबानं सणाला डबा दिला, आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी लगदा. साहेबाची म्हातारी आई रोज ह्याचं कालवण खाते आणि ब्याण्णवाव्या वर्षी डोंगर चढते म्हणे. भामाबाईनं बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. खारट! चांगलं सणसणीत खारट.

"दिशे, बघ गं मोबाइलात, ह्यानं काय काय बरं हुतं?"

नात वाचू लागली. पचायला हलकं, साखरेला बरं, रक्तदाबालाही कदाचित बरं. "पण आजी, अजून पक्कं न्हाय म्हणतात. बरेच प्रयोग उंदरांवरच झालेत."

"उंदरं बरी झाली का?"

"झाली, पण..."

"मग मी काय उंदरापरीस हलकी हाय व्हय?"

तेजश्री भाकरी थापत होती. म्हणाली, "आत्या, मीठ लई हाय ह्यात. डॉक्टरला इचारू."

"तुझ्या बापाच्या घरी मीठ पावण्यापुरतं निघायचं. तू मला मीठ शिकवतीस?"

तेजश्रीनं भाकरी तव्यावर टाकली. त्या विषयावर ती पुन्हा कधीच बोलली नाही.

डबा संपला. मग भामाबाईनं नातीकडून मोबाइलातली कृती वाचून घेतली आणि रानातलं सोयाबीन शिजवलं, कांडलं, त्याच्या विटा थापल्या. कृतीत त्या भाताच्या पेंढ्यात गुंडाळायच्या होत्या; पण पेंढा इकडं कुठला? उसाच्या पाचटात गुंडाळून पत्र्याखाली टांगल्या. बुरशी धरली, आळीनं नाकं धरली. पुढं लोणच्याच्या बरणीत मिठाच्या पाण्यात त्या बुडवल्या. मीठ किती, हे तिला सांगायची गरज नव्हती; कमी पडलं तर अळ्या होतात, हे जन्मभर लोणची घातलेली बाई ओळखून होती. ओंजळी भरभरून तिनं स्वतःच ओतलं. पण बरणीत पडलं की ते मीठ राहत नसे, औषध होत असे. आणि एक औषध चालू असताना दुसरं कशाला? गोळ्या बंद.

चैत्रात बरणी मुरली. तेजश्री रोज भाकरीवर पळी उपडी करायची. "आत्या, आणखी घालू?"

"घाल की! हात काय आखडतीस?"

तेजश्रीनं हात आखडला नाही.

श्रावणात एका सकाळी, शेजारच्या सारजेच्या सुनेची निंदा अर्ध्यावर असताना, भामाबाईचं तोंड वाकडं झालं. बारामतीला पोचेपर्यंत उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ बंद होतं ना?"

"माझ्या भाजीत तर कणभरबी न्हवतं, साहेब," तेजश्री म्हणाली. ते खरंच होतं. अनुपनं तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं. ती पळी रोज त्याच्याही डोळ्यांदेखत उपडी होत होती.

आता भामाबाई पडवीत बाजेवर असते. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं. तोंडातून निघतो नुसता "बऽ बऽ". दुपारी बायका विचारपूस करायला जमतात. सारजा तर उशाशीच बसते आणि म्हातारीचं सगळं पुराण तिच्याच तोंडावर नावानिशी सांगते. मधूनच वाकून विचारते, "व्हय ना गं, भामा? खोटं आसंल तर सांग की!" बायका पदरात तोंड घालून हसतात.

त्या गेल्या की तेजश्री आळणी पेज भरवते, न चुकता, न चिडता. अशी सेवा करणारी सून तालुक्यात नाही, असं गाव म्हणतं. पेज अर्धी झाली की ती स्वतःची भाकरी घेते, बरणीतलं पळीभर तीवर घालते आणि सासूच्या समोर बसून खाते.

"ब्येस मुरलंय, आत्या. पोट कसं हलकं ऱ्हातंय माझं."

भामाबाईचा डावा हात बरणीकडं सरकतो. तेजश्री तो अलगद उचलून तिच्याच मांडीवर ठेवते आणि पेजेचा पुढचा चमचा भरते.